केळ्यांवरची चिलटं

वसई,
श्रावणातला दुसरा शनिवार

प्रिय कुंदा,

तुझा मेसेज मिळाला. 'केळी पिकली, चिलटं झाली, तुझी आठवण आली.' चिलटं बघून जिची आठवण यावी अशी मैत्रीण तुला एकच असणार, तेव्हा रागावले नाही. पण त्याखाली तू जे जोडलंस, 'तीस वर्षं त्या चिलटांत डोकं घालून तुला मिळालं तरी काय गं?', त्याचं उत्तर दोन ओळींत द्यायला मला जमायचं नाही. म्हणून हे लांबलचक पत्र. चहा करून घे आणि बस.

इथे राजेळीचा घड उतरवून आठ दिवस झाले. मागच्या खोलीत टांगून ठेवलाय. खालच्या फणीला काळे ठिपके पडले आणि परवापासून चिलटं घोंघावायला लागली. सून फिनेल घेऊन आली, मी भिंग घेऊन गेले. पेल्यात केळ्याची फोड टाकली, वर कागदाचं नरसाळं बसवलं, तासाभरात वीस-पंचवीस आत. पेला दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवला की ती सुस्तावतात. (पेला फ्रीजमध्ये ठेवला यावरून घरात जे झालं ते फोनवर सांगेन.) मग पांढऱ्या बशीत ओतली आणि खिडकीपाशी बसले.

बशीतला एक नर बघ. दोन-अडीच मिलिमीटरचा जीव, विटकरी लाल डोळे, आणि पोटाचं टोक शाईत बुडवून काढल्यासारखं काळं कुळकुळीत. त्याच्या शेजारी दुसरा नर. तेवढाच, डोळेही तसेच, पण पोट पहिल्यापासून शेवटपर्यंत भाजलेल्या रव्यासारखं फिकट. पहिला म्हणजे आपल्या प्रॅक्टिकलमधला ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर. मेलानोगॅस्टर म्हणजेच काळ्या पोटाचा. आठवतं का, ईथर जास्त झाल्यामुळे तुझ्या बाटलीतल्या सगळ्या माशा कायमच्या झोपल्या होत्या आणि तू माझ्या मोजून स्वतःच्या वहीत उतरवल्या होत्यास? दुसरा बहुधा अनानासी, आपल्याकडच्या स्वयंपाकघरांत हवा तेवढा सापडतो. एकाच केळ्यावर बसलेले दोन चुलतभाऊ, एक काळ्या पोटाचा, एक गोऱ्या पोटाचा. हा फरक येतो कुठून? माझी तीस वर्षं या एका प्रश्नाभोवती गेली असं म्हटलं तरी चालेल. मी स्वतः काही शोधलं नाही. इतरांनी शोधलेलं वाचत गेले आणि बारावीच्या पोरांना सांगत गेले.

आधी काळेपणाचं बघू. परवाच केळफूल निवडलं. हाताला तेल लावून बसले, तरी बोटं काळी झालीच, आणि ताकाच्या पाण्यात टाकायला जरा उशीर झाला तेवढ्यात चिरलेलं केळफूलही काळवंडलं. वांग्याचं तेच, सफरचंदाचं तेच. पेशी फुटल्या की आतली फेनॉल जातीची द्रव्यं, एक एन्झाइम आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र येतात आणि काळपट रंग धरतो. वनस्पतीत हे सुरी लागल्यावर होतं. कीटक साधारण याच जातीचं रसायन स्वतःच्या कातडीत मुद्दाम घडवून आणतात, तेही जागा ठरवून. नुकती कात टाकलेलं झुरळ कधी पाहिलंयस? पांढरंफटक असतं. लोकांना वाटतं, ही झुरळाची वेगळी जात. काही तासांत ते तुझ्या-माझ्या ओळखीचं तपकिरी होतं. कातडी कडक होणं आणि रंगणं या दोन्ही गोष्टी बरोबरच चालतात.

माशीच्या कातडीत सुरुवात होते टायरोसिनपासून. त्याचं होतं डोपा, डोपाचं होतं डोपामिन. हो, तेच डोपामिन, ज्याच्यावर तुझ्या तिकडच्या मासिकांत दर महिन्याला लेख असतो. इथून वाट फुटते. डोपामिनचं ऑक्सिडीकरण झालं की काळं-तपकिरी मेलानिन. पण 'एबनी' नावाच्या जनुकाचं एन्झाइम मध्ये आलं, तर ते डोपामिनला एक शेपूट जोडतं आणि त्यापासून फिकट, पिवळसर कातडी होते. 'टॅन' नावाच्या जनुकाचं एन्झाइम नेमकं उलटं करतं. जोडलेली शेपूट तोडून पुन्हा डोपामिन मोकळं करतं. एकजण गाठ मारतो, दुसरा सोडतो. शिवाय 'येलो' नावाचं एक जनुक आहे, ते नसेल तर काळा रंग धरतच नाही.

आता तू म्हणशील, हे काय, एबनी म्हणजे शिसवी काळा, आणि काम करतो फिकट करायचं? या नावांनी माझ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी रडवलंय. १९१० नंतरच्या काही वर्षांत न्यूयॉर्कला टी. एच. मॉर्गनच्या प्रयोगशाळेत दुधाच्या बाटल्यांतून माशा पाळत आणि वेगळी दिसणारी माशी सापडली की तिच्यातल्या बिघाडाला नाव देत. एबनी बिघडलं की माशी काळी होते, म्हणून जनुकाचं नाव एबनी. टॅन बिघडलं की माशी फिकी, म्हणून ते टॅन. म्हणजे कामवाल्या मावशी न आल्या की सिंकमध्ये खरकटी भांडी साठतात, म्हणून मावशींचंच नाव 'खरकटं' ठेवायचं, असा प्रकार. पण एकदा पडलेलं नाव कोण बदलणार? आपल्या गावातही किती जण लहानपणीच्या टोपणनावाने म्हातारे झालेत.

आता मुख्य गोष्ट. आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात, विषुववृत्ताला जवळजवळ टेकून साओ टोमे नावाचं बेट आहे. ज्वालामुखीतून वर आलेलं, मधला डोंगर दोन हजार मीटरवर उंच. खालच्या मोकळ्या, वस्तीच्या भागात ड्रोसोफिला याकुबा ही माशी मिळते. ती आफ्रिकेत दूरदूरवर पसरलेली आहे, पोटाचं टोक काळं. पण वरच्या धुक्याच्या जंगलात, उंबराच्या कुळातल्या झाडांच्या फळांवर, एक वेगळीच माशी सापडली. अंगाने याकुबाच, पण पोट पूर्ण फिकट, नराचं आणि मादीचंही. दानिएल लाशेझ आणि त्यांच्या सोबत्यांनी २००० साली तिचं वर्णन छापलं आणि बेटावरून नाव दिलं सँटोमिया. तिच्या सगळ्या जवळच्या भावंडांत अशी गोरी ही एकटीच.

बेटावर साधारण बाराशे-चौदाशे मीटरच्या पट्ट्यात दोघी शेजारी राहतात आणि कधीमधी त्यांचा संकरही होतो. संकरातले मुलगे वांझ, मुली मात्र प्रजननक्षम. 'वंशाला दिवा हवा' म्हणणाऱ्या माझ्या आत्याबाईंना हे ऐकवायला हवं होतं. इथे वंश चालतो तो लेकींच्या जिवावर. आणि शास्त्रज्ञांचं सगळं काम झालं तेही या लेकींमुळेच. संकर मुलगी पुन्हा एका जातीच्या नराशी जुळवायची, होणाऱ्या पिल्लांच्या पोटाचा रंग बघायचा, आणि त्यांच्यात कोणत्या गुणसूत्राचा कोणता तुकडा कोणाकडून आलाय ते तपासायचं. अशा मोजणीतून दिसलं की रंगाच्या फरकाचा मोठा वाटा एक्स गुणसूत्राकडे आहे. आणि टॅन राहतं एक्सवरच.

२००८ साली अमेरिकेत शॉन कॅरल यांच्या प्रयोगशाळेने टॅनचा पत्ता पक्का केला. सँटोमियाचं टॅन जनुक बिघडलेलं आहे का? नाही. त्यापासून होणारं प्रथिन ठणठणीत. मग? पोटाच्या कातडीत ते कामालाच लागत नाही. जनुकाच्या शेजारी डीएनएचा एक तुकडा असतो. त्यातून स्वतः कुठलंही प्रथिन होत नाही, पण 'इथे, पोटाच्या या भागात, आत्ता काम कर' हा हुकूम तो देतो. सँटोमियात तो तुकडा निकामी झालाय. त्यातही गंमत अशी की एकाच पद्धतीने नाही. वेगवेगळ्या माशांत तो निदान तीन वेगवेगळ्या फेरबदलांनी निकामी झालेला सापडला.

हे मी वर्गात कसं सांगायचे ते तुला सांगते. आमच्या इमारतीच्या गच्चीवर टाकी एक, नळ मात्र प्रत्येक घराला वेगळा. दुसऱ्या मजल्यावरच्या पाटलांच्या नळाला पाणी नाही म्हणून कोणी टाकी फोडत नाही. टाकी गेली तर सगळ्यांचंच पाणी जाईल. टॅनचं तसंच आहे. हेच एन्झाइम माशीच्या डोळ्यातही लागतं. डोळ्याच्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला हिस्टामिन वापरतात, आणि वापरलेलं हिस्टामिन पुन्हा कामाला आणताना एबनी तिथेही गाठ मारतं, टॅन तिथेही सोडतं. ज्या माशीचं टॅन मुळातच मोडलेलं असतं ती उजेडाकडे नीट जात नाही, हे १९१८ सालीच कोणाच्या तरी लक्षात आलं होतं. आता सांग, जंगलात राहणाऱ्या माशीला पोटाचा रंग बदलायचाय पण आंधळं व्हायचं नाही, तर तिने काय करावं? पाटलांचा नळ तेवढा बंद करावा. सँटोमियाने नेमकं तेच केलंय. 'करावं', 'केलंय' हे आपलं बोलायचं, माशी काही ठरवत नाही. ज्यांची टाकी फुटली त्यांची पिल्लं टिकली नसावीत, एवढाच त्याचा अर्थ.

यापुढची कथा मला जास्त आवडते, कारण तिच्यात भांडण आहे. कॅरल यांचा शोधनिबंध ज्या मासिकात आला होता त्याच मासिकात २००९ साली दुसऱ्या एका गटाने लिहिलं की आमच्या संकरांत टॅनचा परिणाम फारच थोडा दिसतोय. या गटात जेरी कॉइन होते, ज्यांनी साओ टोमेच्या डोंगरावर स्वतः माशा गोळा केलेल्या. कॅरल यांच्या बाजूने लगेच प्रत्युत्तर आलं, की नाही, टॅनचा वाटा आहेच. दहा वर्षांनी, २०१९ साली, जे समोर आलं ते दोघांच्याही अंदाजापेक्षा गुंतागुंतीचं होतं. अॅबडॉमिनल-बी नावाचं एक मोठं जनुक आहे, शरीराचा मागचा भाग कसा व्हावा हे ठरवणारं. त्याला आमच्या इमारतीचा मेन व्हॉल्व्ह समज. याकुबात पोट काळं व्हायला ते लागतंच. सँटोमियात या व्हॉल्व्हचंच वागणं बदललेलं आहे, पोटाच्या त्या भागात तो चालत नाही. मग शास्त्रज्ञांनी आजच्या सँटोमियात तो पुन्हा चालवून पाहिला. पोट काळं झालं का? ढिम्म नाही. कारण खालचे नळही एकेक करून गंजलेत. टॅन, एबनी, येलो, आणि आणखी एक, असे चार. प्रत्येकाने थोडा थोडा रंग घालवला. त्यामुळे एक दुरुस्त करून काही दिसत नाही, आणि कोणी एकाच नळाकडे बोट दाखवून 'हाच' म्हणत असेल तर भांडण व्हायचंच.

मला यातलं काय पटलं ते सांगते. आपण दोन जातींमधला फरक म्हणजे एखादा नवा पदार्थ आला, एखादा गेला असं समजत असू. प्रत्यक्षात सामान दोन्ही घरांत तेच. फरक आहे तो कुठल्या खोलीत, कुठल्या वेळेला, किती सोडायचं याचा. कीटकांच्या रंगांत तरी हे पुन्हा पुन्हा दिसतं.

आणि आता तुझ्या दाराशी येते. तू न्यू मेक्सिकोत राहायला गेलीस तेव्हाच मी मनात म्हटलं होतं, हिला काय माहीत ही कुठे निघालीय. ड्रोसोफिला नोव्हामेक्सिकाना म्हणून एक माशी आहे, तुझ्या राज्याचं नाव लावणारी. अमेरिकेच्या नैऋत्येच्या कोरड्या मुलखात राहते, रंगाने पिवळी. तिची बहीण ड्रोसोफिला अमेरिकाना मध्य आणि पूर्व अमेरिकेत, गडद तपकिरी. दोघी प्रयोगशाळेत जुळतात, म्हणून इथेही तशीच मोजणी करता आली. मिशिगन विद्यापीठाच्या पॅट्रिशिया विटकॉप यांनी वर्षानुवर्षं या दोघींचा पिच्छा पुरवलाय. सापडलं काय? पुन्हा तेच दोघे, एबनी आणि टॅन. पिवळ्या माशीत गाठ मारणारा जोरात, सोडणारा मंद. आणि २००९ साली त्यांनी दाखवलं की फिकट करणारं टॅनचं जे रूप नोव्हामेक्सिकानात आहे, तशीच रूपं काही तपकिरी अमेरिकानांमध्येही फिरताहेत. म्हणजे दोन जातींमधला म्हणावा असा फरक एकाच जातीतल्या माशांमध्येही आधीच थोडाथोडा असतो. या एका वाक्यासाठी मी दरवर्षी एक अख्खा तास घालवायचे आणि पोरं परीक्षेत ते नेमकं विसरायची.

माशांचं पुरे. तुझ्या आवडीचं म्हणून फुलपाखराचं थोडक्यात सांगते. आमच्या बाल्कनीतल्या कढीपत्त्याची पानं सध्या अळ्या खाताहेत. ही कॉमन मॉरमॉनची अळी. नर काळा, मागच्या पंखावर पिवळट-पांढऱ्या ठिपक्यांची माळ. मादी मात्र बहुरूपी: कोणी नरासारखीच, कोणी कॉमन रोझची नक्कल, तर कोणी क्रिमझन रोझची. ही दोन्ही रोझ विषारी, पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. नकलाकार मादीला विष नाही, नुसता वेश. एकाच आईची लेकरं इतकी वेगळी कशी, हे कोडं निसर्गशास्त्रज्ञ वॉलेसने १८६५ मध्येच मांडलं होतं. शंभर वर्षांनी लिव्हरपूलचे सिरिल क्लार्क आणि फिलिप शेपर्ड यांनी ही फुलपाखरं हाताने जुळवून पिढ्या मोजल्या. त्यांना वाटलं, बरीच जनुकं शेजारी शेजारी चिकटून एक गठ्ठा झाला असणार. २०१४ साली उत्तर निघालं, आणि त्या शोधनिबंधावर पहिलं नाव आपल्या कृष्णमेघ कुंटेंचं. 'बटरफ्लाइज ऑफ पेनिन्सुलर इंडिया' लिहिणारे, बंगळूरच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतले. गठ्ठाबिठ्ठा काही नाही. डबलसेक्स हे एकच जनुक, ज्याचं मूळ काम नर-मादी वेगळे घडवणं. नकलाकार मादीत ते जनुक असलेला सव्वा लाखाहून थोडा अधिक अक्षरांचा डीएनएचा तुकडा उलटा बसलाय. नरातही ते रूप असतं, पण दिसत नाही. बाप कोणता वेश पुढे देणार हे बापाकडे बघून कळायचं नाही.

त्या क्लार्कसाहेबांचं एक राहिलंच. ते पेशाने डॉक्टर. फुलपाखरांची आनुवंशिकता आणि माणसाचा आरएच रक्तगट यांच्यात त्यांना आणि शेपर्डना साम्य दिसलं, तिथून ते रक्तगटाकडे वळले, आणि त्यातून आरएच निगेटिव्ह आयांना द्यायचं अँटी-डी इंजेक्शन उभं राहिलं. तुझ्या धाकट्या बहिणीला पहिल्या बाळंतपणानंतर दिलं होतं बघ, तू तेव्हा औषधाच्या दुकानांतून वणवण हिंडली होतीस. तेव्हा 'मिळालं तरी काय' विचारताना जरा जपून.

हात दुखायला लागला. सून विचारतेय, बशी धुवायला टाकू का. नको म्हटलं, अजून मोजायच्यात.

तुला एक काम सांगते. पुढच्या रविवारी नदीकाठी कॉटनवुडच्या झाडांखाली फिरायला जाशील तेव्हा एका बाटलीत कुस्करलेलं पिकलेलं केळं घेऊन जा. तासभर सावलीत ठेव आणि वर कागदाचं नरसाळं बसवायला विसरू नकोस. आत काय जमतं ते फोनच्या कॅमेऱ्याने जवळून टिपून पाठव. पोट पिवळं दिसलं तर रात्री कितीही वाजता फोन कर, मी जागी असेन.

तुझी,
शालू

ता. क. ईथर वापरू नकोस. फ्रीज पुरतो.